मदत हवी आहे : भूजल नकाशात डाइकना (जमिनीत उभ्या घुसलेल्या काळ्या दगडाच्या भिंतींना) गुण कसे द्यायचे? (साक्री, धुळे)

नमस्कार मंडळी,

साक्री तालुक्यातल्या आमच्या पाणलोटाचा भूजल संभाव्यता नकाशा (जमिनीखाली पाणी कुठे मिळू शकेल ते दाखवणारा) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीच्या ३० मीटर उंची-माहितीवरून उतार आणि नाल्यांची घनता काढली. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा वापर आणि लिनिअमेंट (जमिनीवर दिसणाऱ्या लांब सरळ रेघा) काढले. एएचपीने (घटकांची जोडीजोडीने तुलना करायच्या पद्धतीने) प्रत्येक थराला भार दिले, तुलना एकमेकींशी जुळतात का ते सांगणारं सुसंगतता गुणोत्तर ०.०७ आलं, म्हणजे ०.१० च्या मर्यादेत.

मग मे महिन्यात टेप घेऊन २६ विहिरी मोजल्या. नकाशात 'अति उत्तम' दाखवलेल्या पट्ट्यातल्या पाच कोरड्या! पाचही एकाच डाइकच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला, दोनशे पावलांवर, आमच्या काकांच्या विहिरीला दोन परस पाणी.

धुळे-नंदुरबारचं रान पाहिलेल्यांना या काळ्या दगडाच्या भिंती ठाऊक आहेत, मैलोन्‌मैल जातात, बहुतेक पूर्व-पश्चिम. उपग्रहाच्या चित्रात भेगही सरळ रेघ आणि डाइकही सरळ रेघ. मी दोन्ही एकाच थरात घेऊन घनता काढली. भेगेतून पाणी मुरतं, अखंड डाइक ते अडवतो. पण तडकलेल्या डाइकमधून पाणी वाहतंही. मग गुण द्यायचे कसे? गावात तिघं कर्ज काढून बोअर घेणार आहेत आणि माझ्याकडे नकाशा मागतायत. माझ्या चुकीने कुणाचे पैसे बुडायला नकोत, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद :

भाऊ, तोवर नकाशा कुणाला देऊ नका. आधी भेगा आणि डाइक यांचे दोन थर वेगळे करा. हिलशेड (उंचसखलपणा उजेड-सावलीने दाखवणारं चित्र) काढताना प्रकाश उत्तरेकडून घ्या, पूर्व-पश्चिम डाइक उठून दिसतील. भेगेवर बहुधा सरळ नाला असतो. काही डाइक मात्र झिजून खोलगट झालेले असतात, तेव्हा रानात जाऊन दगड पाहाच. रस्ते आणि शेताचे बांधही रेघा म्हणून घुसलेले असतील, ते काढा.

घनतेच्या थरात फक्त भेगा ठेवा. डाइकला एका बाजूचा बफर (रेघेलगत ठरावीक रुंदीचा पट्टा) द्या : भूजल ज्या अंगाने येतं तिकडे गुण जास्त, पलीकडे कमी. अर्ध्या विहिरी पाहून गुण ठरवा, उरलेल्या अर्ध्या नुसत्या पडताळणीला ठेवा. एवढं करूनही नकाशा पट्टा सांगेल, बोअरची जागा नाही. त्यासाठी विद्युत रोधकता चाचणी (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखायची) करून घ्या.

आणि त्या पाच विहिरी किती खोल आहेत? मुरमातच थांबल्यात की पाषाणात गेल्यात?