आखाजीला आलेल्या लेकीचं नाव सातबाऱ्यावर का नको?

तापीकाठ, चोपडा तालुका:
१९९५ साली बीजिंगमध्ये १८९ देशांनी बाईच्या समान हक्कांचा शब्द दिला. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी पाचव्यात जमिनीची मालकीसुद्धा आहे, मुदत २०३०. आणि आमच्याकडे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. झोके खेळले, सांजोऱ्या खाल्ल्या. दोन दिवसांनी भावाने गाडीवर बसवून निबंधकाकडे नेलं. जमिनीतला माझा हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र टाइप करून तयार होतं. घरी परतले तेव्हा वहिनी नवी साडी घेऊन ओट्यावर उभी होती. नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही माझं. महिन्याला पैसे देणाऱ्या योजना चालू द्या, पण नाव सातबाऱ्यावर लागल्याशिवाय मी त्याला समानता म्हणणार नाही.

कपाशीवाला, धुळे:
ताई, भावाचंही ऐका. सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर. आईबापाचं दुखणंखुपणं तोच काढतो. तुमच्या लग्नालाही खर्च झालाच असेल. चार एकराचे तीन वाटे केले तर एकाचंही पोट भरत नाही. हे कायदे करणाऱ्यांनी कोरडवाहू शेती केली आहे का?

वेचणीवाली, शिंदखेडा:
तुम्हा दोघांकडे जमीन आहे म्हणून हा वाद. मी किलोवर कापूस वेचते. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात, ओटीत कापूस भरला की कंबर धरते. मला कोणता सातबारा? लाडक्या बहिणीचे १५०० माझ्या स्वतःच्या खात्यात आलेले पहिले पैसे. त्यातून लेकीची बारावीची फी भरली, कुणाला विचारलं नाही. त्याला कमी लेखू नका.

तापीकाठ:
माय, ते माझ्याकडून राहूनच गेलं. तुझं खरं आहे. तरी खातं झालं म्हणून घरचं काम कुठे वाटलं गेलं? २०२४ च्या केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आणि भाऊ, लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मतः वाटेकरी आहे. वडील २००५ च्या आधी वारले असले तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं.

कपाशीवाला:
कायदा माहीत आहे. पण बहीण नंदुरबारला, विहीर इथे. पाणी कसं वाटायचं, तेवढं सांगा.

तापीकाठ:
दोन भावांत वाटता तसंच. बारी लावून.