मदत हवी: जानेवारीत मिनेसोटाला जातोय, बर्फावर गळ टाकणं जमेल का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, वय 61, निवृत्त. गळ टाकून बसायचा नाद जुना. पावसाळा सरला की रविवारी पहाटे जवळच्या चोरल नदीवर जायचं, बांबूची काठी, डब्यात गांडुळं, कणकेचा गोळा. कधी रोहू लागतो, कधी नुसतं ऊन.

जानेवारीत आम्ही दोघं मुलीकडे मिनियापोलिसला चाललोय. तिच्या शेजारचे आजोबा दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात. मुलीने माझा नाद त्यांच्या कानावर घातला, त्यांनी आमंत्रण दिलं, आणि मी फोनवरच हो म्हणून बसलो. आता झोप उडाली आहे. इंदूरात पारा 7 वर आला की मफलर बांधून पोहे-जलेबीला निघतो, एवढाच माझा थंडीचा अनुभव.

बर्फ आपल्याला पेलेल हे ओळखायचं कसं? जावई म्हणतात, "बाबा, लोक तळ्यावर गाड्या नेतात, काळजी नको." पण त्यांनी आयुष्यात गळ हातात धरलेला नाही. तुम्ही येणार का विचारलं तर म्हणाले, मी गाडीत बसतो. गाडी कुठे, तर तळ्यावरच!

आणि मासा असतो कुठे? चोरलला सावली बघून, झाडाची मुळं बघून अंदाज येतो. इथे वर सगळीकडे सारखंच पांढरं झाकण. इथून काय घेऊन जावं, तेही सांगा.

उत्तर, मिनियापोलिसला लागूनच्या सेंट पॉलहून:

काका, मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातली. इथे नऊ हिवाळे काढले, त्यातले सात बर्फावर. (आईला अजून वाटतं मी स्केटिंगला जाते.)

जावयांचं अर्धंच बरोबर आहे. इथलं सरकारी खातं सांगतं की पायी जायला नवा, पारदर्शक बर्फ किमान 4 इंच हवा, लहान गाडीला 9-10. पांढरा, बर्फवृष्टी मिसळून झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून तिथे जाडी दुप्पट धरायची. खरा धोका वेगळाच: एकाच तळ्यावर इथे 10 इंच आणि थोडं पुढे 3 असू शकतो. ओढा जिथे मिळतो, खाली झरा असतो किंवा पुलाचे खांब असतात, तिथून लांब राहा. आपल्या पहारेसारखी एक लोखंडी पहार मिळते, ती पुढे ठोकत चालायचं. दर दीडशे फुटांवर भोक पाडून जाडी मोजायची. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे हवेतच. पाण्यात पडलात तर आलात त्या बाजूला वळा, कारण तिकडच्या बर्फाने आत्ताच तुम्हाला पेललेलं असतं. टोचे रोवून, पाय मारत पोटावर वर या आणि उभं न राहता लोळत लांब जा.

मासा कुठे, हा प्रश्न आवडला. पाणी 4 अंशांवर सगळ्यात जड असतं. त्यामुळे ते तळाशी बसतं, 0 अंशाचं हलकं पाणी वर येऊन गोठतं. खालचा मासा जिवंत असतो, फक्त सुस्त. तो आमिषामागे धावत नाही, तुम्हालाच त्याच्या तोंडाशी न्यावं लागतं. गळ तळाला टेकवा, मग फूटभर वर घ्या आणि नखाएवढंच हलवा. चोरलच्या रोहूसारखा झटका बसणार नाही, दोरीला शिंक आल्यासारखं वाटेल. त्यावरच ओढायचं. पहिल्या दिवशी पर्च, सनफिश या माशांच्या मागे राहा. वॉलाय हवा असेल तर सूर्यास्ताची वेळ धरा.

बांबूची काठी घरीच ठेवा. भोक 6-8 इंचांचं, त्याच्याशेजारीच बसायचं, म्हणून काठी दोन-अडीच फुटांची. ती आणि बर्फ कोरायचा गिरमिट आजोबांकडे असणार. तुम्ही बुटांना लावायचे काटे घ्या, ते इथे स्वस्त मिळतात. परवाना पाहुण्यांनाही लागतो, पण थोड्या दिवसांचा मिळतो, ऑनलाइन काढता येतो. अंगाला सुती काही नको. घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि गारठवतो. आत लोकर घाला.

आणखी एक उत्तर:

बर्फावर तंबू लावून बसलात आणि आत गॅसचा हीटर असेल तर झरोका उघडा ठेवायला लावा, काका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखलं तर लाजू नका, तडक बाहेर या.

मूळ प्रश्नकर्ता:

खूप खूप आभार, पोरी. पहारेचं ऐकून बरं वाटलं, ती चालवायची सवय आहे. टोचे मुलीला आजच मागवायला सांगितले. दोन जोड्या, कारण जावयांनाही गाडीतून उतरवणार आहे. बायकोने मात्र इथूनच हुकूम सोडलाय: मासा लागला तर आजोबांच्या घरी तळायचा, मुलीच्या कढईत नाही. पर्चला काटे फार असतात का?