मदत हवी आहे: काकांचं जी-शॉक घड्याळ मुकं झालंय, काचेभोवतीची बेझलही (बाहेरची चौकट) सुटतेय

नमस्कार मंडळी,
डिजिटल घड्याळांतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगते. काका जहाजावर होते. 1988 साली कोबे बंदरात घेतलेलं त्यांचं कॅसिओ जी-शॉक डीडब्ल्यू-5600सी गेल्या गणपतीत काकूने माझ्या हातात ठेवलं. मागे आट्यांचं स्टीलचं झाकण, त्यावर चौकटीत 901 (आतल्या मशीनचा नंबर). दर तासाला त्याचं 'टीट-टीट' वाजायची वेळ झाली की आम्ही पोरं काकांच्या मनगटाला कान लावून बसायचो.

पुढे कितीतरी वर्षं ते रत्नागिरीच्या घरी कपाटात होतं. आता बेझलला नख लागलं तरी गुळाच्या ढेपेसारखा तुकडा निघतो. जी-शॉकचे जनक किकुओ इबेंनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून 200 च्या वर नमुने खाली टाकून जे घड्याळ घडवलं, ते पडून नाही, पडून राहून गेलं!

दुकानातून सेल (सीआर2320) बदलून आणला. आता मिनिटांच्या शेवटच्या आकड्यात 8 चा 6 आणि 9 चा 5 दिसतो. आवाज तर बंदच. दुकानदार म्हणाला, "जुनं झालंय, नवीन घ्या." नवीन नकोय हो. काय करू?

प्रतिसाद
ताई, मशीन जिवंत आहे, घाबरू नका.

आधी आवाज. झाकणाला आतून चिकटवलेली गोल चकती वाजते. मशीनवरची एक बारीकशी स्प्रिंग रबरी पॅडच्या भोकातून वर येऊन तिला टेकते. सेल बदलताना ती उडाली असणार. बॉलपेनची कापून घालू नका, जाड पडते. एखाद्या बंद पडलेल्या डिजिटलमधली मिळाली तर बघा.

आकड्याची वरची उजवी काडी गेलीय. सेलजवळ 'एसी' लिहिलेला ठिपका असेल. तिथून सेलच्या प्लस बाजूपर्यंत धातूचा चिमटा दोन सेकंद टेकवा, म्हणजे सर्किट रीसेट होतं. तरीही काडी आली नाही तर आकडे दाखवणारी काच (एलसीडी) आणि सर्किट यांच्यामधली झेब्रा पट्टी (रबराचीच, पण वीज नेणारे थर असलेली) मळलीय. ती काढून पुसावी लागते, आणि ते काम सवयीच्या हातानेच व्हावं.

बेझल चिकटवण्यात अर्थ नाही. ते पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) आहे, कोकणातली दमट हवा त्याला आतून खाते. 5600ई या नंतरच्या मॉडेलची बेझल बसेलच असं धरू नका, 5600सी साठीचीच शोधा. तोवर हातात घालू नका, बटणं उघडी पडतात. आणि डायलवर 20 बार (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) लिहिलंय म्हणून पाण्यातही नेऊ नका. झाकणाखालचं पाणी अडवणारं वॉशर बदललं का, हे विचारलंत का दुकानात?

धागाकर्ती
स्प्रिंग सापडली!! जुना सेल त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिला होता, त्यालाच चिकटलेली. नवऱ्याने चिमट्याने बसवली आणि बरोब्बर 7 ला टीट-टीट. काकूला फोनवरून ऐकवलं.

वॉशरचं विचारलं नव्हतं, उद्या जाते. एसीचा उपाय दोनदा केला, पण 9 चा अजून 5च. झेब्रा पट्टीला हात लावायची हिंमत नाही. पुण्या-मुंबईत हे काम करणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.