प्रतिसाद: चुंबक लावून रुपया पारखणे

चुंबकाला चिकटला नाही म्हणजे जुना रुपया चांदीचाच, असं वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच खरं. पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) यांतलं काहीच चिकटत नाही. उलट १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चिकटतो आणि तरी अस्सल असतो.

आमच्या आजीच्या गाठोड्यात पंचम जॉर्जचे सात रुपये निघाले. गुजरी बाजारातल्या सराफांनी कसोटीचा दगड (ज्यावर नाणं घासून कस, म्हणजे चांदीची शुद्धता बघतात तो) काढलाच नाही, आधी काट्यावर टाकले. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुन्या मापाचा तोळाभर. झिजला तरी थोडाच उतरतो. आमचा एक दहाच्याही आत भरला. मग त्यांनी कड दाखवली: कडेवरच्या बारीक खाचांच्या, म्हणजे दातऱ्यांच्या मधून केसासारखी रेघ सगळीकडून फिरलेली. खोटा रुपया साच्यात ओतलेला, त्या साच्याच्या दोन अर्धांचा सांधा तो! टाकसाळीत ठोकलेल्या नाण्याला तो नसतोच. भिंग घेऊन कड बघाच.

आणि १९४० ते ४५ चे रुपये कसावर हलके लागले म्हणून खोटे समजून मोडीत घालू नका, कळकळीनं सांगतो. त्यांत चांदी निम्मीच, आधीच्यांत ९१.७ टक्के असायची.