मुलीला झाडबेडूक हवाय: कुठला घ्यावा?

रावपुऱ्याची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात राहतो, लेक आठ वर्षांची. कुत्रा नको, मांजर नको, हिरवा झाडबेडूकच हवा म्हणून हटून बसलीय. वह्यांच्या मागच्या पानांवर तोच काढते. माशांच्या एका दुकानात विचारलं तर मालक म्हणाला, "ट्री फ्रॉग? मागवून देतो." फोनवर तीन फोटो दाखवले. एकाचे डोळे लालभडक, एकाच्या कडेने पांढरा पट्टा, एक नुसताच गुबगुबीत. तिघांचं नाव मात्र तो एकच सांगतो. यातला मुलांना कुठला बरा? घर शाकाहारी आहे आणि सासूबाई आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

मखमली_पाय
ताई, गुबगुबीत तो ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक. माझ्याकडे सहा वर्षं आहे. कानाच्या वर कातडीची जाड वळी लोंबते, झोपेतून उठवलेल्या आजोबांसारखा चेहरा. पांढऱ्या पट्ट्याचा अमेरिकन, अंगाने सडपातळ, उड्या फार. लाल डोळ्यांचा मध्य अमेरिकेतला, त्याची बाहुली मांजरासारखी उभी असते. दिवसभर पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून पानाला चिकटतो. लेकीला लाल डोळे दिसायचे तर रात्री जागं राहावं लागेल.

तिघांत गुबगुबीत सगळ्यात सोशिक. पण नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. लेक कॉलेजात जाईल आणि बेडूक तुमच्या गळ्यात.

आणि खाणं! त्याला जिवंत किडे लागतात. मी रातकिडे डब्यात पाळतो, त्यांना गाजर घालतो, वर कॅल्शियमची पूड भुरभुरवतो. रात्री त्यातले नर किरकिरतात, शेजारच्या काकींनी दोनदा बेल वाजवली आहे. गिळताना मात्र बघण्यासारखं असतं: बेडूक डोळे मिटून आत ओढतो, बुबुळांच्या दाबाने घास घशाखाली ढकलतो. ते दृश्य सासूबाईंना कितपत झेपेल, तुम्ही ठरवा.

कायदा_बघा_आधी
लाल डोळेवाल्याबद्दल: तो साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार अशा परदेशी प्राण्याची मालकी सरकारदरबारी नोंदवावी लागते. ऑस्ट्रेलिया तर आपले जिवंत देशी प्राणी विक्रीसाठी बाहेर जाऊच देत नाही, म्हणजे थेट तिथून पकडून विकायला आणलेला असेल तर तो चोरीचाच. दुकानदाराकडे कागद मागा. "बिल कशाला, बेन?" म्हणाला तर पाय काढता घ्या.

दांडियाबाजार_जुना_वाडा
एवढ्या लांबून मागवायचं कारण काय? श्रावणात तुमच्या न्हाणीघरात कोण येतो, ते बघितलंत का? आमच्या वाड्यात दरवर्षी मोरीवरच्या चुन्याच्या भिंतीला एक चिकटलेला असतो. फिकट तपकिरी, दिवसा जवळजवळ भिंतीच्याच रंगाचा. आई म्हणायची, असू दे, डास खातो.

रावपुऱ्याची_आई
आहे की! गीझरच्या पाइपमागे बसतो. आम्ही त्याला साधा देडकोच (गुजरातीत बेडूक) समजत होतो. ओळखायचा कसा?

दांडियाबाजार_जुना_वाडा
हात न लावता टॉर्चने बघा. बोटांच्या टोकाला गोल चकत्या आहेत का? त्या असतील तर झाडबेडूक. साध्या भेकाला, म्हणजे टोडला, चकत्या नसतात, अंगभर चामखिळी असतात आणि तो भिंत चढत नाही. मग मांडीचा मागचा भाग. तिथे गडद रंगावर पिवळे ठिपके दिसले की आपला देशी झाडबेडूक पक्का. इंग्रजीत त्याला चुनम फ्रॉग म्हणतात, म्हणजे आपलाच चुना. मादी सात-आठ सेंटिमीटरपर्यंत जाते, नर बराच लहान.

पकडून काचपेटीत मात्र घालू नका. त्याची त्वचा पाणी शोषते, तसा आपल्या हातावरचा साबण आणि क्रीमही शोषते. उलट त्याच्याकडून आपल्याला साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, मिळू शकतो. हात लागलाच तर आधी हात धुवायचे, मग शंकरपाळे.

मखमली_पाय
मी पाळणारा, तरी याला दुजोरा. त्यात बडोद्याचा मे महिना. माझ्या बेडकासाठी खोली गार ठेवतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढतो. बिल बघून बायको म्हणते, "मलाही एक काचपेटी करा."

रावपुऱ्याची_आई
काल रात्री दहाला दोघी टॉर्च घेऊन गेलो. चकत्या आहेत. ठिपके दिसेनात, कारण मांडी मिटून बसला होता. पंधरा मिनिटं फरशीवर बसून राहिलो, तेव्हा कुठे एक पाय लांब करून पाइपवर चढला. पिवळे ठिपके! लेक ओरडली, तो उडून थेट माझ्या ओढणीवर. सासूबाईही धावत आल्या.

दुकानातला बेत सध्या रद्द. वहीत आता तपकिरी बेडूक आहेत.

एक शंका. मागच्या अंगणात बादलीच्या काठाला आतून, पाण्याच्या जरा वर, साबणासारखा पांढरा फेस चिकटलाय. मी घासायला घेतला तर लेकीने ब्रश लपवला. अंडी असतील का?

दांडियाबाजार_जुना_वाडा
तीच. मादी पायांनी घुसळून तो फेस करते. काही दिवसांत पिल्लं फेसातून खाली पाण्यात पडतील. बादली उन्हातून सावलीत सरकवा, पाणी ओतू नका.

रावपुऱ्याची_आई
सरकवली. सासूबाई विचारतायत, तोवर तुळशीला पाणी कशाने घालायचं?