मदत हवी आहे: ई-कॅडहेरिनची अँटीबॉडी फ्लोला दिसतच नाही, सोमवारी मीटिंग

हार्बरवाली (शुक्रवार, रात्री ११:२०)
तिसऱ्यांदा तेच. दोन महिने मॅडमच्या मागे लागून ई-कॅडहेरिनची (पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन) नवी अँटीबॉडी मागवली आणि फ्लोला (फ्लो सायटोमीटर, एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) सिग्नल शून्य. आयसोटाइपचा (तुलनेसाठीची, कशालाच न धरणारी अँटीबॉडी) पीक आणि हिचा पीक एकावर एक बसतात. दुप्पट घातली, चौपट घातली, ढिम्म. लॉट खराब आहे ना? कंपनीला तक्रार कशी लिहायची ते कोणी सांगेल का? सोमवारी दहाला मीटिंग आहे.

चेंबूर_नाका (११:३४)
कुठल्या पेशी? कुठला क्लोन, म्हणजे अँटीबॉडीचा नेमका वाण? रंग लावूनच आलीय की सेकंडरी (पहिलीवर बसणारी रंगवाली दुसरी अँटीबॉडी) वापरता? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

हार्बरवाली (११:३७)
एमसीएफ-७, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, दुसरं काय असणार. क्लोन एचईसीडी-१. सेकंडरी अँटी-माउस, बाकीच्या प्रयोगांत ती नीट चालते. लॉटचं सांगा ना.

जुना_तंत्रज्ञ (११:५२)
आधी पार्सल कसं आलं ते बघा. मुंबईच्या मे महिन्यात आइस पॅक कोमट पाणी होऊन येतात, मी स्वतः खोकी उघडलीत. आल्या आल्या छोटे भाग करून ठेवायचे, रोज तीच कुपी वितळवायची आणि गोठवायची नाही. आणि घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये तर मुळीच नाही. तो बर्फ जमू नये म्हणून मधूनमधून स्वतःच गरम होतो.

चेंबूर_नाका (११:५८)
काका, सल्ला सोन्यासारखा आहे, पण आयजीजी जातीची अँटीबॉडी एवढी नाजूक नसते. एक-दोन दिवस गरम राहिली तर सिग्नल थोडा उतरेल, पूर्ण जाणार नाही. इथे शून्य आहे.

सॅपोनिन (शनिवार, रात्री १२:१०)
पर्मिअ‍ॅबिलाइझ केलं नसणार, म्हणजे पेशीच्या पडद्याला भोकं पाडली नसणार. फिक्स करा, ०.१ टक्का सॅपोनिन घाला, लख्ख दिसेल. माझं दर वेळी येतं.

रुईया_माजी (१२:१९)
तुमचा क्लोन कुठला?

सॅपोनिन (१२:२१)
२४ई१०.

रुईया_माजी (१२:२६)
मग बरोबर आहे. तो पेशीच्या आतल्या शेपटीवर बसतो, भोक पाडल्याशिवाय तिथे पोचणारच नाही. एचईसीडी-१ बाहेरच्या भागावर बसते. तिला सॅपोनिनची गरज नाही.

सॅपोनिन (१२:३०)
करून बघायला काय जातं? निदान पेशींत प्रथिन आहे की नाही ते तरी कळेल.

हार्बरवाली (१२:३३)
आहे हो! वेस्टर्नला (पेशी फोडून प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करायची चाचणी) १२० किलोडाल्टनला सुरेख पट्टा येतो, जुन्या अँटीबॉडीने. म्हणूनच म्हणतेय, नवीच खराब.

रुईया_माजी (१२:३८)
वेस्टर्नसाठी पेशी कशा काढता? आणि फ्लोसाठी?

हार्बरवाली (१२:४१)
वेस्टर्नला प्लेटवरच थंड लायसिस बफर ओतून खरवडते. फ्लोला पेशी सुट्या करायला नेहमीसारखं ट्रिप्सिन, प्रथिनं कापणारं एन्झाइम. का?

रुईया_माजी (१२:४२)
नुसतं ट्रिप्सिन की ईडीटीए घातलेलं? किती मिनिटं?

हार्बरवाली (१२:४५)
तयार बाटली, पाव टक्का, ईडीटीएसकट. एमसीएफ-७ सुटता सुटत नाहीत म्हणून इन्क्युबेटरमध्ये १० मिनिटं.

रुईया_माजी (१:२०)
सापडलं. कंपनीला पत्र लिहू नका.

ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागात एकामागून एक पाच घड्या असतात. प्रत्येक दोन घड्यांच्या सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात. ते आहेत तोवर रेणू ताठ उभा राहतो आणि ट्रिप्सिनला कापायला जागा मिळत नाही. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, रेणू लुळा पडतो, मग ट्रिप्सिन बाहेरचा भाग तुकडे तुकडे करून टाकतं. तुम्ही दहा मिनिटं नेमकं हेच केलंत, आणि उरलेल्या खुंटांवर एचईसीडी-१ शोधताय. वेस्टर्नला खरवडलेल्या पेशींत रेणू अख्खा होता, म्हणून १२० ला पट्टा.

या प्रथिनाचा शोधच या घोळातून लागला. जपानी जीवशास्त्रज्ञ ताकेइची क्योटोत पेशी सुट्या करायचे ते ईडीटीए नसलेल्या ट्रिप्सिनने. पुढे बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेत गेले, तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होतं, आणि पेशी एकमेकींना चिकटेचनात. फरक कशाने पडला ते त्यांनी चिकाटीने शोधलं आणि कॅल्शियमवर चालणारी ही चिकटण्याची रीत हाती लागली. तो पेपर १९७७ चा. मला ही गोष्ट फार आवडते. तुमची एचईसीडी-१ सुद्धा जपानमधलीच, १९८९ च्या पेपरमधली.

उद्या असं करा. एकच फ्लास्क दोन भागांत वाटा. एक ट्रिप्सिन-ईडीटीएने काढा. दुसऱ्याला ट्रिप्सिन दाखवूच नका, २ मिलिमोलर ईडीटीए द्या आणि वेळ लागला तर लागू द्या. सुटल्यावर लगेच कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये घ्या आणि सगळं स्टेनिंग बर्फावर करा. गरम झाल्या की त्या पुन्हा एकमेकींना धरतात. एमडीए-एमबी-२३१ पेशी पण लावा, त्यांच्यात ई-कॅडहेरिन नसतं, निगेटिव्ह कंट्रोल म्हणून उपयोगी.

चेंबूर_नाका (१:२६)
+१. हा प्रश्न पहिल्या प्रतिसादात मलाच विचारायला हवा होता.

सॅपोनिन (सकाळी ९:०५)
मी वर्षानुवर्षे ट्रिप्सिन-ईडीटीएने काढून एपकॅम (पेशीवरचं दुसरं एक प्रथिन) करतो, काही होत नाही.

रुईया_माजी (९:१४)
एपकॅमला नसेल होत. प्रत्येक प्रथिनाचा ट्रिप्सिन सोसण्याचा मगदूर वेगळा. आता प्रश्न कॅडहेरिनचा आहे.

गिरगावकर_कन्या (१०:४०)
अवांतर आहे, माफ करा, पण रात्रभर झोप नाही. मावशीची स्तनाची बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये 'ई-कॅडहेरिन निगेटिव्ह' लिहिलंय. वरचं वाचून वाटलं, तपासणीच चुकली असेल का? आणि निगेटिव्ह म्हणजे चांगलं की वाईट?

रुईया_माजी (११:०२)
ताई, वरची भानगड जिवंत, सुट्या केलेल्या पेशींची आहे. बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये असतो, तिथे ट्रिप्सिनने पेशी सोडवत नाहीत. लोब्युलर प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा हरवलेलं असतं, म्हणून लोब्युलर की डक्टल हे ठरवायला ही तपासणी करतात. त्या एका शब्दावरून चांगलं-वाईट ठरत नाही. टप्पा, ग्रेड, ईआर-पीआर (हार्मोनचे रिसेप्टर), हर२ प्रथिन हे सगळं मिळून डॉक्टर सांगतात. संपूर्ण रिपोर्ट घेऊन ऑन्कोलॉजिस्टकडे बसा, मावशींबरोबर कोणीतरी जा.

जुना_तंत्रज्ञ (११:१०)
ब्लॉकची (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइडची मागणी करून ठेवा, पोरी. दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतं.

हार्बरवाली (शनिवार, दुपारी ३:१५)
पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर) कॅल्शियम क्लोराइड घातलं तर बाटली तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी पांढुरकी झाली. फेकू?

चेंबूर_नाका (३:१९)
फेका. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेट तळाला बसतं. हेपेस-सलाइन घ्या, त्यात १ मिलिमोलर कॅल्शियम, थोडं बीएसए. सोडियम क्लोराइड लॅबमध्ये असेलच.

हार्बरवाली (रविवार, रात्री ८:५०)
रविवारच्या मेगाब्लॉकमुळे उशीर झाला, पण केलं. ईडीटीएने सुटायला पंचवीस मिनिटं लागली, मध्ये दोनदा फ्लास्कवर टिचक्या मारल्या. गठ्ठे खूप, ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढले. आणि पीक सरकला! आयसोटाइपपासून पूर्ण सुटा. २३१ जागच्या जागी. ट्रिप्सिन-ईडीटीएवाला भाग तसाच, शून्य. तीन पीक एका पानावर छापलेत, उद्या तेच दाखवते.

रुईया_माजी, ट्रिप्सिनने काढलेल्या पेशी पुन्हा प्लेटवर लावल्या तर बाहेरचा भाग परत येतो का?

रुईया_माजी (९:०४)
येतो, पेशी नवीन प्रथिन बनवतात, काही तास लागतात. रात्रभर ठेवा आणि सकाळी ईडीटीएनेच काढा.

गिरगावकर_कन्या (९:३०)
मावशीची मंगळवारची वेळ मिळाली. मी जातेय बरोबर. स्लाइड मागितल्यात.