डिबेट आपण बघितली ती खरी, की दुसऱ्या दिवशी दाखवली ती?

तिरपागडा, न्यू जर्सी

मंडळी, मंगळवारची (१० सप्टेंबर २०२४) अमेरिकेच्या अध्यक्षपदाची हॅरिस-ट्रम्प डिबेट कुणी पूर्ण बघितली का? पूर्ण म्हणजे पूर्ण, क्लिपा नव्हे. आमच्याकडे रात्री नऊला सुरू झाली. नेमक्या त्याच दिवशी गौरी आल्या होत्या त्यामुळे बायको आधीच धुसफुसत होती की सगळा पसारा तसाच पडलाय आणि हा टीव्ही लावून बसलाय, पण शेवटी तीही येऊन बसली. दीड तासाचा कार्यक्रम, मधे दोन ब्रेक, हॉलमधे प्रेक्षक नाहीत, एकाची पाळी असली की दुसऱ्याचा माईक बंद.

संपली तेव्हा माझं मत असं होतं. हॅरिसबाई घोकून आल्या होत्या आणि ट्रम्पतात्यांना कुठे चिमटा काढला की ते उसळतात हे त्यांना बरोब्बर ठाऊक होतं, तुमच्या सभेतून लोक कंटाळून उठून जातात एवढं म्हणायचा अवकाश, इमिग्रेशनचा प्रश्न राहिला बाजूला आणि तात्या सभेच्या गर्दीवर सुरू. पण बाईंना पहिलाच प्रश्न होता की चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांचं बरं चाललंय का, त्याचं सरळ हो-नाही काही आलं नाही. आणि तात्या तिसऱ्यांदा उभे आहेत, हेल्थ इन्शुरन्सचं विचारलं तर यांच्याकडे अजून प्लॅनच्या 'कन्सेप्ट'च आहेत. म्हणजे माझ्या हिशोबानं बाई थोड्या पुढे, पण आमचा किराणा नि प्रीमियम याबद्दल दोघांकडूनही हाताला काही लागलं नाही.

इथे टीव्ही बंद करायला हवा होता. केला नाही. लगेच पॅनेल बसलं, मग तात्या स्वतःच स्पिन रूममधे (डिबेटनंतर उमेदवारांची माणसं पत्रकारांना आपली बाजू सांगतात ती खोली) अवतरले आणि पत्रकारांना सांगायला लागले की ही माझी आजवरची बेस्ट डिबेट, मग गायिका टेलर स्विफ्टची हॅरिसना पाठिंबा देणारी पोस्ट आली आणि पुढचा बराच वेळ ती आणि तिची मांजर. सीएनएनचा झटपट पोल, ६३-३७ हॅरिस. झोपायला गेलो तेव्हा मी बायकोला म्हणालो, धुव्वा उडवला ना बाईनं. ती म्हणाली, मगाशी तर थोडीच पुढे म्हणत होतास. आणि खरंच की, मधल्या दीड तासात मी डिबेटचं नवीन एक वाक्यही ऐकलं नव्हतं, फक्त लोकांची मतं ऐकली होती!

वर सकाळी इचलकरंजीहून बाबांचा फोन, "अरे तुमच्याकडे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात म्हणे, तू जपून राहा." मी म्हटलं बाबा, ते ट्रम्प म्हणाले आणि तिथल्या तिथे अँकरनं सांगितलं की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डच्या (तात्या म्हणाले तेच गाव) सिटी मॅनेजरच्या म्हणण्यानुसार असा कुठलाही विश्वासार्ह रिपोर्ट नाही. बाबा म्हणाले ते नाही दाखवलं आमच्यात.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक कसं बघता? नंतरचं पॅनेल बघता का? आणि 'जिंकलं कोण' हे नक्की ठरवतं कोण?

पुरणयंत्र, पुणे

मी बघितली नाही, ऐकली. आमच्याकडे बुधवारी सकाळी साडेसहा म्हणजे गौरीजेवणाचा दिवस, डाळ कुकरला लावलेली, सवाष्ण बाराला येणार, फोन ओट्यावर उपडा आणि कानात बड्स. मला तर दोघं बरोबरीत वाटले, ट्रम्पचा आवाज ठाम लागत होता आणि हॅरिस सुरुवातीला जरा अडखळल्या असं वाटलं. दुपारी पोळ्या आटोपल्यावर नणंदेनं क्लिप दाखवली तेव्हा कळलं की स्क्रीन अर्धी-अर्धी होती आणि तो बोलत असताना ही हनुवटीला हात लावून, भुवया उडवून बघत होती. माईक बंद होता ना, मग ती चेहऱ्यानं बोलत होती! मला ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं. ते केनेडी-निक्सनचं म्हणतात ना, रेडिओवाल्यांना निक्सन जिंकला वाटला आणि टीव्हीवाल्यांना केनेडी, तसं झालं माझं.

भाऊ_डेट्रॉइट

पुरणयंत्रताई, तुमचा अनुभव खराच असणार, पण केनेडी-निक्सनचं उदाहरण जरा जपून वापरा. १९६० च्या २६ सप्टेंबरला शिकागोत झाली ती, निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकताच हॉस्पिटलातून बाहेर आलेला, वजन उतरलेलं, धड मेकप करून घेतला नाही, हे सगळं खरं. पण रेडिओवाल्यांना निक्सन जिंकला वाटला ह्याला आधार म्हणजे मुख्यतः एकच सर्व्हे, आणि त्यात नुसती रेडिओवर ऐकलेली माणसं थोडीच होती. शिवाय त्या काळात ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ती माणसं कोण होती, आधीच निक्सनची होती का, हे कोण बघतं. साठ वर्षं लोक सांगताहेत म्हणून खरं वाटतं. म्हणजे ही गोष्ट सुद्धा कव्हरेजचीच करामत आहे, गंमत बघा.

तिरपागडा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर १९७६ चं. मी तेव्हा नुकताच शिकायला आलो होतो, डॉर्मच्या कॉमन रूममधे एक टीव्ही आणि पंचवीस पोरं. फोर्ड आणि कार्टर. पहिली डिबेट परवाच्यासारखी फिलाडेल्फियातच होती, आणि मधेच आवाज गेला. किती वेळ? २७ मिनिटं! आणि हे दोघं, एक देशाचा अध्यक्ष आणि एक होऊ घातलेला, आपापल्या स्टँडमागे उभेच. एकमेकांशी बोलले नाहीत की कुठे हलले नाहीत, पाहुणे आल्यावर फोटोसाठी उभं केलेल्या मुलांसारखे. आमची पोरं हसून हसून लोळली. माझ्या लेखी टीव्ही डिबेट म्हणजे काय हे त्या २७ मिनिटांनी सांगितलं.

पण मुद्दा दुसऱ्या डिबेटचा, सॅन फ्रान्सिस्को, ६ ऑक्टोबर. फोर्ड म्हणाला पूर्व युरोपावर सोव्हिएतचं वर्चस्व नाही. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराचाच विश्वास बसेना, त्यानं परत विचारलं, तरी फोर्डनं पोलंडचं नाव घेऊन तेच सांगितलं. आता खरं सांगतो, आमच्या खोलीत कुणाच्याही ते विशेष लक्षात आलं नाही. मला तर पोलंड कुठे आहे हेच नीट माहीत नव्हतं. आणि आम्ही एकटे नव्हतो, त्या रात्री ज्यांना फोन करून विचारलं त्यांच्यात फोर्डच थोडा पुढे होता. दुसऱ्या दिवशी पेपर आणि टीव्ही दिवसभर फक्त तेच एक वाक्य, आणि संध्याकाळी विचारलं तर कार्टर प्रचंड फरकानं विजयी. डिबेट तीच. मधे फक्त एक दिवस गेला.

फोर्डनं पण हट्टानं दुरुस्ती करायला काही दिवस लावले, ते त्याचं त्यानं ओढवून घेतलं. आणि वाक्य चूक होतंच, म्हणजे पत्रकारांनी दाखवलं त्यात काही खोटं नव्हतं. तेवढंच दाखवलं, एवढाच काय तो प्रश्न.

आणि हे झटपट पोलचं वेड सुद्धा जुनं आहे हो. १९८० ला कार्टर-रेगन झाल्यावर एबीसीनं फोन नंबर दिले, कॉल करा आणि जिंकलं कोण सांगा, एका कॉलला पन्नास सेंट. लाखांनी लोकांनी केले. मी पण केला. दोनदा.

स्पष्टवक्ता_टेक्सास

सगळे एकाच बाजूनं बोलताय म्हणून लिहितो. परवा अँकरांनी ट्रम्पना चार-पाचदा मधेच दुरुस्त केलं, बाईंना एकदाही नाही. त्या काय सगळं खरंच बोलल्या का? फॅक्ट चेक करायचं तर दोघांचं करा नाहीतर जूनमधे सीएनएननं केलं तसं करा, आधीच सांगितलेलं की अँकर दुरुस्त्या करणार नाहीत, ते उमेदवारांनी एकमेकांचं बघावं. नियम दोघांना सारखा हवा एवढंच. तिघं (दोन अँकर आणि बाई) विरुद्ध एक असं आमच्याकडे लोक म्हणताहेत ते उगीच नाही.

आणि कव्हरेजच सगळं ठरवतं हे पण पटत नाही मला. २७ जूनची बायडन-ट्रम्प डिबेट आठवा. अटलांटात बायडन उभे राहिले आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच घरोघरी लोकांनी एकमेकांकडे बघितलं, तिथे पॅनेलची काय गरज होती? उलट पॅनेलवाले लोकांच्या मागून आले. महिना व्हायच्या आत, २१ जुलैला, बायडनची उमेदवारीतून माघार. डोळ्यांना दिसतं ते दिसतंच.

तिरपागडा, न्यू जर्सी

@स्पष्टवक्ता, जूनचा मुद्दा मान्य, तेव्हा बायकोनं मधेच उठून भांडी घासायला घेतली होती, बघवत नाही म्हणाली. फॅक्ट चेकबद्दल मात्र अर्धं पटतं. बाईंचं पण तपासायला हवं होतं हे बरोबर. पण जन्मलेल्या बाळाला मारायची परवानगी असलेली राज्यं आहेत असं कुणी समोर म्हणत असेल आणि अँकर गप्प बसला तर घरी बसलेल्यानं काय समजायचं? बाय द वे बोलायला वेळ ट्रम्पनाच पाचेक मिनिटं जास्त मिळाला, माईक बंदचा नियम असूनही ते मधे बोलू लागले की त्यांचा चालू करत होते.

रनडाऊन, मुंबई

बाबांना ते पुढचं वाक्य का नाही दिसलं ते सांगतो. मी एका मराठी चॅनेलला आऊटपुटवर (म्हणजे बुलेटिन तयार करणाऱ्या टीममधे) होतो काही वर्षं, नाव विचारू नका.

सकाळी साडेसहा सात म्हणजे नाईट शिफ्ट सुटायची वेळ, डोळे तारवटलेले, त्यात गौरी-गणपती, म्हणजे अर्धा बुलेटिन लालबागची रांग आणि कुणाकुणाच्या घरच्या गौरी. परदेशच्या बातम्या बघणारा माणूस एक, तोच स्पोर्ट्स पण बघतो. एजन्सीकडून फीड येतं त्यात निवडक शॉट्स आणि बाईट (बोलण्याचे तुकडे) आधीच कापून आलेले असतात. त्याला सांगितलं जातं, दीड मिनिटाचं पॅकेज कर, दोन बाईट टाक. आता नव्वद मिनिटांतून दोन बाईट काढायचे आणि त्यावर मराठी व्हॉइसओव्हर चढवायचा तर तुम्ही काय उचलाल? टॅरिफ? टॅरिफ समजावण्यातच तुमचं दीड मिनिट संपलं. कुत्रं-मांजर मात्र सांगलीपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांना कळतं. आणि अँकरची दुरुस्ती टाकली तर पॅकेज दोन मिनिटांचं होतं, मग ती उडते. ह्यात कुणाचा कट-बिट नसतो, तुम्हाला तिथून जेवढं कारस्थान वाटतं तेवढं डोकं लावायला वेळच नसतो कुणाला.

आपल्या संध्याकाळच्या डिबेट हा वेगळा प्रकार. गेस्ट कोऑर्डिनेशनवाल्या पोरीला मी स्वतः विचारताना ऐकलंय, "सर, हे प्राध्यापक चांगलं बोलतात पण भांडत नाहीत, घेऊ का?" नाही घेतले. स्क्रीनवर आठ खिडक्या, आणि माईक बंद करायची सोय आपल्याकडे पण आहे बरं का, पीसीआरमधे (कंट्रोल रूममधे) बसलेल्या साऊंडवाल्याला एक बटण खाली ओढायचं असतं फक्त. ओढत नाहीत. सगळे एकदम ओरडायला लागले की प्रोड्यूसर अँकरच्या कानात म्हणतो "चालू दे, चालू दे".

झोपाळू_बोका

मांजरांच्या बाजूनं कुणीच बोलत नाहीये याची नोंद घ्यावी.

पुरणयंत्र, पुणे

रनडाऊन, तुमचं ते प्राध्यापकांचं वाचून वाईट वाटलं. सासरे रोज संध्याकाळी ते आठ खिडक्यांचं लावतात आणि स्वतःही ओरडतात, म्हणजे आमच्याकडे नऊ खिडक्या.

पण मला एक सांगा, तुम्ही अमेरिकावाले निदान कशावर तरी तक्रार करताय, उमेदवार समोरासमोर उभे तरी राहतात तुमचे. आपल्याकडे ह्याच मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती लोकूर, न्यायमूर्ती ए. पी. शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधींना पत्र लिहिलं होतं की एकदा जाहीर चर्चा करा. राहुल गांधी हो म्हणाले, पण झाली का? नाही. आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात इंडिया आघाडीनं चौदा अँकरांची यादी काढली की ह्यांच्या कार्यक्रमात आमचं कुणी जाणार नाही. म्हणजे एकीकडे समोरासमोर यायचं नाही आणि दुसरीकडे ठरावीक ठिकाणी जायचंच नाही. राहतात ते प्रवक्ते, आणि त्यांना भांडायचाच पगार. (असं सासूबाई म्हणतात, मी नाही.)

भाऊ_डेट्रॉइट

ताई, समोरासमोर उभे राहतात म्हणून फार हुरळू नका. इथेही १९६० नंतर थेट १९७६ लाच झाल्या, मधे तीन निवडणुका कोरड्याच गेल्या. ज्याला पुढे असल्यासारखं वाटतं त्याला डिबेट नकोच असते, तिकडे काय नि इकडे काय. आणि १९८८ ला लीग ऑफ विमेन व्होटर्स ह्या बायकांच्या संस्थेनं, त्या तोवर ह्या डिबेट भरवायच्या, अंग काढून घेतलं. कारण दोन्ही पक्षांनी आपसात सगळ्या अटी ठरवून यांच्यासमोर ठेवल्या होत्या, अगदी प्रश्न कोण विचारणार इथपर्यंत. त्या म्हणाल्या ही मतदारांची फसवणूक आहे, आम्ही नाही करणार.

आणि तिरपागडा, पॅनेलचं म्हणाल तर मी हल्ली डिबेट संपली की कुत्र्याला फिरवायला नेतो.

झोपाळू_बोका

स्प्रिंगफील्डला राहत नाही ना भाऊ तुम्ही?

तिरपागडा, न्यू जर्सी

हाहा बोका. बरं मी आणि बायकोनं असं ठरवलंय की १ ऑक्टोबरला व्हान्स-वॉल्झची आहे ना, व्हाइस प्रेसिडेंटवाल्यांची, ती संपल्या संपल्या टीव्ही बंद, दोघांनी आपापलं मत कागदावर लिहायचं, घडी घालून डब्याखाली ठेवायचं आणि मगच पॅनेल लावायचं. दुसऱ्या दिवशी काढून बघू किती सरकलो. बाबांना पण सांगितलं, तिकडे २ तारखेची सकाळ, गांधी जयंतीची सुट्टी, साडेसहाला लिंक पाठवतो म्हटलं. पूर्ण बघतो म्हणाले, फक्त इंग्रजी भरभर बोलले तर मधे मधे फोन करीन म्हणाले. म्हणजे आमची डिबेट काही बघून होत नाही.

स्पष्टवक्ता_टेक्सास

कागदाचं करून बघतो. पण दोघांनी वेगवेगळ्या खोलीत लिहा, नाहीतर बायकोचं बघून लिहाल.